तेरा वखारी, एक भिंत आणि सहा मोटारी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

२०१८ चा ऑक्टोबर. मावसभावाबरोबर चीनला गेलो होतो, ग्वांगझूला. तिथं १९५७ पासून वर्षातून दोनदा कँटन फेअर भरतो, म्हणजे व्यापाऱ्यांची जत्राच. भावाचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. बेदाण्याची पाकिटं भरायच्या मशिनी बनवतो. त्याला हव्या होत्या सर्व्हो मोटारी, आधी सहा नग सॅम्पल म्हणून, पटल्या तर पुढं मोठी ऑर्डर. इंग्रजी बोलायला सोबत कुणीतरी पाहिजे म्हणून इतिहासाच्या मास्तराला उचललं. तिकीट त्याचं, सुट्टी माझी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर आलो. एका कंपनीचं बोलणं बऱ्यापैकी जमलं होतं. त्यांची अट एकच: मोटार जिथं बसणार त्या भागाचं ड्रॉइंग आज रात्री पाठवा, उद्या सकाळी दर सांगतो. ड्रॉइंग होतं गूगल ड्राइव्हवर.

भावानं फोन काढला. गोल गोल फिरतंय. मेल उघडेना. व्हॉट्सॲपवरून घरी वर्कशॉपमधल्या पोराला सांगावं, तर व्हॉट्सॲपही मुकं. "दादा, ह्यांचं वायफाय बंद पडलंय बघ." मी म्हणलं, वायफाय कसलं बंद, चिनी साइट तर सपासप उघडतायत. खाली काउंटरवर गेलो. त्या पोरीनं शांतपणे मान हलवली. "नो गूगल." जणू आम्ही तिच्याकडं आमरसच मागितला होता.

सुटका कशी झाली ते सांगतो, कारण त्यात तंत्राची एक गंमत आहे. लॉबीत सुरतेचे एक व्यापारी बसले होते. त्यांच्या फोनवर भारतातलं सिम रोमिंगवर चालू होतं आणि त्यांचं व्हॉट्सॲप मजेत चाललं होतं. रोमिंगवाल्या सिमचा डेटा आधी आपल्या देशातल्या कंपनीकडं येतो आणि तिथून इंटरनेटला लागतो. त्यामुळं चीनची चाळणी त्याला लागत नाही. त्या भल्या माणसानं आम्हाला हॉटस्पॉट दिलं आणि रात्री अकरा वाजता ड्रॉइंग उतरलं. पण उतरून पाठवायचं कुठं? समोरच्या कंपनीतली मुलगी म्हणे फक्त वीचॅटवर घेते. वीचॅट घ्यायचं तर प्ले स्टोअर उघडेना, तेही गूगलचंच. शेवटी सकाळी तिच्याच स्टॉलवर तिनं क्यूआर कोड दाखवला, ॲप चढवून दिलं, ड्रॉइंग गेलं. दर मिळाला. पण ज्याला सुरतेचे शेठ भेटले नसतील त्याचं काय झालं असेल, हा किडा डोक्यात बसला तो बसलाच.

तुम्ही ही पोस्ट वाचताय ते फेसबुकही तिथं जुलै २००९ पासून बंद आहे. तेव्हा शिंच्यांगमध्ये उरुमचीत दंगल झाली होती, त्या निमित्तानं लावलेलं कुलूप पुन्हा निघालं नाही. यूट्यूब त्याच वर्षी मार्चमध्ये गेलं होतं, ट्विटर जूनमध्ये, तिआनमेन चौकातल्या हत्याकांडाला वीस वर्षं पुरी होत असताना. जीमेल २०१४ मध्ये. व्हॉट्सॲप २०१७ मध्ये.

तिसऱ्या दिवशी भाऊ मशिनी बघत फिरत होता, मी सटकलो. ग्वांगझू म्हणजेच जुनं कँटन. तिथं एक रस्ता आहे, शिसानहांग, म्हणजे 'तेरा हाँग'. आज तिथं कपड्यांचा ठोक बाजार आहे. गठ्ठे, हातगाड्या, डोक्यावर बोचकी, आपल्या मंगलदास मार्केटची आठवण यावी अशी रेटारेटी. जवळच्या बागेत एक छोटं संग्रहालय आहे. मी तिथं जाऊन उभा राहिलो आणि मला आदल्या रात्रीचा तो गोल गोल फिरणारा फोन आठवला.

कारण हे सगळं याच गावात एकदा होऊन गेलंय.

१७५७ मध्ये सम्राट छ्येनलुंगनं फर्मान काढलं की पाश्चात्त्यांच्या गलबतांनी व्यापार फक्त कँटनमध्ये करायचा. बाकी बंदरं बंद. कँटनमध्येही शहरात शिरायचं नाही. नदीकाठी वखारी बांधून दिल्या होत्या, तिथंच राहायचं. (आपल्याला वखार म्हणलं की सुरत आणि राजापूर आठवतं. तसलीच ही.) व्यापाराचा हंगाम संपला की गाशा गुंडाळून मकावला जायचं. बायका आणायच्या नाहीत. माल विकायचा तो फक्त सरकारनं नेमलेल्या हाँग व्यापाऱ्यांना, आणि बोलायचं तेही त्यांच्यामार्फत किंवा सरकारी दुभाष्यांमार्फत. या हाँग घराण्यांची संख्या नेहमी तेराच नसायची, नाव मात्र तेच चिकटलं.

यातला मला सगळ्यात बोलका वाटलेला नियम भाषेचा. परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवणं हा गुन्हा होता. जेम्स फ्लिंट नावाचा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीसाठी काम करायचा, त्याला चिनी येत होती. १७५९ मध्ये तो कँटनच्या अधिकाऱ्यांच्या लाचखाऊपणाची तक्रार घेऊन उत्तरेला तिआनजिनपर्यंत गेला. अर्ज थेट सम्राटापर्यंत पोचला. निकाल असा लागला: फ्लिंटला मकावमध्ये तीन वर्षं कैद आणि मग हकालपट्टी. ज्या चिनी माणसानं त्याला अर्ज लिहायला मदत केली, त्याचं डोकं उडवलं.

माल येऊ दे, चांदी येऊ दे, पण माहिती आमच्या माणसाच्या हातातूनच आली-गेली पाहिजे. पद्धत ही होती. आणि त्या मधल्या माणसांचं काय झालं? हाउक्वा नावाचा हाँग व्यापारी त्या काळातल्या जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जायचा. भिंतीला एकच दार असलं की दारवान गब्बर होतो.

आता इथं थांबून आपल्या घरचं एक सांगायला पाहिजे, नाहीतर गोष्ट एकांगी होईल. कँटनला मुंबईची गलबतं जायची. कापूस जायचा आणि माळव्याची अफू जायची. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या सफरी केल्या, पुढं जार्डिन मॅथेसन कंपनीशी भागी केली आणि त्यातून जी संपत्ती उभी राहिली तिच्यातूनच आपलं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं. १८३९ मध्ये लिन झ-शू या अधिकाऱ्यानं वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त करून हुमेनला नष्ट केली, तेव्हा लंडनमध्ये ओरड झाली ती 'मुक्त व्यापारा'च्या नावानं. मग युद्ध. १८४२ च्या नानकिंग तहानं पाच बंदरं उघडली. त्याच साली जमशेटजी 'सर' झाले, ब्रिटिशांकडून सरदारकी मिळालेले पहिले भारतीय.

म्हणून चिनी माणूस 'दारं उघडा, व्यापारात अडथळा नको' हे वाक्य ऐकतो तेव्हा त्याला कुठला वास येतो, हे ध्यानात ठेवा. मी भिंतीची बाजू घेत नाहीये. पण शाळेत तिथं अफूचं युद्ध शिकवतात आणि आपल्याकडं जे. जे. हॉस्पिटलच्या दारावरून जाताना ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

बरं, पुढं.

१९८७ च्या सप्टेंबरमध्ये बीजिंगहून जर्मनीतल्या कार्ल्सरूहला चीनमधला पहिला ईमेल गेला. त्यातला मजकूर असा होता की महाभिंत ओलांडून आम्ही जगाच्या कानाकोपऱ्यात पोचू शकतो. नियतीला विनोद कळतो तो असा. १९९४ मध्ये चीन इंटरनेटला पूर्णपणे जोडला गेला आणि १९९७ मध्ये 'वायर्ड' मासिकात एक लेख आला, त्याच्या नावात 'ग्रेट फायरवॉल' होतं. महाभिंतीवरची कोटी. तीच पुढं रूढ झाली.

मार्च २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन वॉशिंग्टनमध्ये भाषणाला उभे राहिले. चीनला कायमचा व्यापारी दर्जा द्या, त्याला जागतिक व्यापार संघटनेत येऊ द्या, असं ते संसदेला पटवत होते. चीन इंटरनेटवर लगाम घालायला बघतोय, म्हणाले, शुभेच्छा. हे म्हणजे जेली खिळ्यानं भिंतीवर ठोकण्यासारखं आहे. लोक हसले. ११ डिसेंबर २००१ ला चीन संघटनेत दाखल झाला. आणि जेली ठोकून दाखवली.

कशी ठोकली? एकच मोठं फाटक बंद केलेलं नाही. तुमच्या फोननं पत्ता विचारला की चुकीची गल्ली दाखवायची. गल्ली बरोबर सापडली तर घराचा नंबरच अडवायचा. तेही जमलं तर बोलण्यात नको तो शब्द आला की दोन्ही बाजूंना 'समोरच्यानं फोन ठेवला' असा खोटा निरोप द्यायचा. आणि सगळ्यात हुशार प्रकार म्हणजे बंद न करता सावकाश करायचं. साइट उघडते, पण चाळीस सेकंदांनी. गिऱ्हाईक वैतागून शेजारच्या चिनी दुकानात जातं. तक्रार करायची तर कशाची? बंद तर नाहीये!

या व्यवस्थेचे जनक म्हणून फांग बिनशिंग यांचं नाव घेतात. २०११ मध्ये वूहान विद्यापीठात त्यांच्यावर एका विद्यार्थ्यानं बूट भिरकावला. २०१६ मध्ये हार्बिनला व्याख्यान देताना त्यांना एक कोरियन पान दाखवायचं होतं, ते उघडेना, तेव्हा सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःच व्हीपीएन लावलं. म्हणजे स्वतःच्याच भिंतीवरून उडी.

आता व्यापाराचं बघा. सप्टेंबर २००२ मध्ये चीनमध्ये गूगल काही दिवस बंद पडलं आणि लोकांनी गूगलचा पत्ता टाकला की दुसरीच चिनी सर्च साइट उघडायची. तुम्ही चितळ्यांच्या दुकानात शिरलात आणि आत गेल्यावर कळलं की हे दुसऱ्याचंच दुकान आहे, असला प्रकार. राजकीय मजकूर अडवण्याशी याचा काय संबंध? २००६ मध्ये गूगलनं गुडघे टेकले आणि स्वतःच गाळणी लावून चिनी आवृत्ती काढली. जानेवारी २०१० मध्ये आपल्यावर चीनमधून सायबर हल्ला झाल्याचं जाहीर केलं, मार्चमध्ये गाळणी काढली आणि वापरणाऱ्यांना हाँगकाँगच्या साइटकडं वळवलं. बायदूला रान मोकळं.

मला विचाराल तर ही भिंत बाजार राखायला बांधलेली नाही, सत्ता राखायलाच बांधली. पण बांधल्यावर आतल्या दुकानदारांच्या ध्यानात आलं की उन्हापासून सावलीही मिळतेय. फेसबुक, ट्विटर गेले २००९ च्या मध्यात, वेबो आलं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वीचॅट २०११ मध्ये. यातली माणसं कर्तबगार नाहीत असं अजिबात नाही. वीचॅट वापरून बघितलेला माणूस तसं म्हणणार नाही. पण हाउक्वाही कर्तबगारच होता की.

मग अमेरिकेनं जिनिव्हात खटला का नाही भरला? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. सेवांच्या व्यापाराचा करार आहे, गॅट्स म्हणतात त्याला. त्यात प्रत्येक देश यादी देतो की या या सेवा आम्ही परदेशी कंपन्यांना खुल्या करतो. २००९ मध्ये ब्रसेल्सच्या एका अभ्याससंस्थेच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सविस्तर मांडलं की सरसकट सेन्सॉरशिपला या करारात आव्हान देता येईल. त्याआधी २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यवाल्या संघटनेनं अमेरिकी व्यापार खात्याला खटला भरायची विनंती केली होती. गूगलनंही २०१० च्या नोव्हेंबरात आपली श्वेतपत्रिका काढली.

आणि नजीरही होती. कुणाची? अँटिग्वा आणि बार्बुडा! कॅरिबियनमधला एक लाखाहून कमी वस्तीचा देश. (क्रिकेटवाल्यांना सांगायला नको, व्हिव्ह रिचर्ड्सचं गाव.) तिथल्या कंपन्या इंटरनेटवरून अमेरिकनांना जुगार खेळवायच्या. अमेरिकेनं बंदी घातली. अँटिग्वानं २००३ मध्ये तक्रार केली आणि २००५ मध्ये अपिलात जिंकली. निकालातला मुद्दा असा: एखादी सेवा खुली केली म्हणून यादीत लिहिलंत आणि मग ऑनलाइन पुरवायला पूर्ण बंदी घातलीत, तर तो 'शून्य कोटा' झाला, आणि तो कराराचा भंग आहे. 'सार्वजनिक नीतिमत्ता' हा बचाव घेता येतो, अमेरिकेनं घेतलाही, पण घोड्यांच्या शर्यतींवर देशी कंपन्यांना ऑनलाइन सट्टा घेऊ देता की काय याचं नीट उत्तर देता आलं नाही. अँटिग्वाला वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत अमेरिकी कॉपीराइट-पेटंट धाब्यावर बसवायची मुभा मिळाली. अमेरिकेनं पाळलं काय? नाही. यादीतलं ते कलमच मागं घेतो म्हणाले.

म्हणजे चीनला कोर्टात खेचायचं तर खेचणाऱ्याचे हात असे.

दुसरा एक खटला झाला, तोही बोधप्रद. परदेशी पुस्तकं, सिनेमे, गाणी फक्त सरकारी कंपन्यांनीच आयात करायची हा चीनचा नियम अमेरिकेनं २००७ मध्ये आव्हानात घेतला. चीन म्हणाला, मजकूर तपासायचा तर आयातदार आमचेच पाहिजेत. डिसेंबर २००९ मध्ये अपिलाचा निकाल चीनविरुद्ध गेला. पण कसा? नीतिमत्तेसाठी तपासणी करायचा अधिकार तुम्हाला आहे, म्हणाले, फक्त ती सरकारनं स्वतः करावी, त्यासाठी आयातीची मक्तेदारी कशाला? अमेरिकेनं सेन्सॉरशिपला हातच लावला नव्हता. हाँग व्यापारी काढा, दुभाषा ठेवा, एवढाच वाद.

पुढं २०११ मध्ये अमेरिकेनं गॅट्समधलं एक कलम दाखवून चीनला पत्र लिहिलं: कुठल्या साइट बंद करता, कोण ठरवतं, अपील कुठं करायचं? २०१६ च्या मार्चमध्ये आपल्या वार्षिक अहवालात या भिंतीची 'व्यापारातला अडथळा' म्हणून नोंद केली आणि लिहिलं की जगातल्या सर्वाधिक वर्दळीच्या २५ पैकी आठ साइट तिथं बंद आहेत. नोंद केली, खटला भरला नाही. माझा अंदाज सरळ आहे. चीन 'सुरक्षा' आणि 'नीतिमत्ता' म्हणणार, आणि त्या शब्दांची व्याख्या जिनिव्हात एकदा पक्की झाली की ती उद्या आपल्यावरही उलटेल, ही भीती सगळ्यांनाच.

आणि 'सगळ्यांना' मध्ये आपणही आलो.

२९ जून २०२०. गलवानमध्ये आपले वीस जवान गेल्याला दोन आठवडे झाले होते. सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ चिनी ॲप बंद केली. टिकटॉकची चर्चा झाली, गावोगावच्या पोरापोरींचं चांगलं चाललेलं बंद पडलं, त्यावर मीम आले. दुसऱ्या दिवशी दिल्लीतल्या चिनी दूतावासाच्या प्रवक्त्यांनी म्हणलं की ही बंदी जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांचा भंग असू शकते आणि सुरक्षेच्या अपवादाचा गैरवापर आहे. मी ते वाचून मोठ्यानं हसलो. हे कोण बोलतंय! आणि टिकटॉक तर चीनमध्येही मिळत नाही, तिथं त्याच कंपनीचं वेगळं ॲप आहे, डौयिन.

हसलो खरा. मग भावाचा फोन आला.

त्या ५९ च्या यादीत वीचॅटही होतं. दीड-पावणेदोन वर्षांचा सगळा व्यवहार, ड्रॉइंगं, दरपत्रकं, कुठल्या मोटारीला कुठला ड्राइव्ह लागतो याचे फोटो, त्या मुलीशी झालेलं सगळं बोलणं त्यात. महिन्याभरात ॲप मुकं झालं. बेदाण्याचा हंगाम झालेला, तासगावच्या एका शेतकऱ्याच्या मशिनीतली मोटार जळालेली, वॉरंटीत बदलून मिळाली असती, पण सांगायचं कुणाला? ग्वांगझूत त्यांची भिंत आडवी आली होती, कुपवाडमध्ये आपली. "दादा, तू तर म्हणत होतास चीन वाईट आहे." काय उत्तर द्यायचं?

सैनिक गेलेले असताना ॲपबद्दल रडू नये हे मलाही कळतं, आणि ती बंदी योग्य वाटणारे माझ्या घरातच आहेत. पण त्या शेतकऱ्याला ऐंशी हजारांची मशीन घेऊन दिली होती ती माझ्या भावानं, दिल्लीनं नाही. बंदी घालताना कोणी विचार केला होता का, की यावर आपल्याच लहान लोकांचे धंदे चालतात? आदेशाची कारणं सविस्तर वाचायला मिळत नाहीत, त्या प्रक्रियेत गुप्तता ठेवायची तरतूद नियमांतच आहे. कुठल्या साइट, कोण ठरवतं, अपील कुठं: अमेरिकेनं २०११ मध्ये चीनला विचारलेलेच प्रश्न.

त्याच वर्षी जानेवारीत, म्हणजे बंदीच्या सहा महिने आधी, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात म्हणून ठेवलं होतं की इंटरनेटवरून धंदा करायचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९(१)(जी) खाली संरक्षित आहे. तो खटला काश्मीरचा. तिथं ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट गेलं ते फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. सफरचंदाच्या व्यापाऱ्याला ते दीड वर्ष काय गेलं असेल, ते आमच्या बेदाणेवाल्यांना कळेल.

मोटारीचं पुढं काय झालं? भावाला आठवलं की कँटन फेअरमधनं आणलेली व्हिजिटिंग कार्डं त्यानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली होती. डबा सापडला. त्या मुलीच्या कार्डावर चिनी कंपनीचा ईमेल पत्ता होता, १६३ डॉट कॉमवरचा. आम्ही दोघांनी बसून इंग्रजीत पत्र लिहिलं, फोटो जोडले. चार दिवसांनी उत्तर आलं. ती म्हणाली, तुम्ही अचानक गप्प झालात, मला वाटलं कोरोनात काहीतरी झालं. मोटार दीड महिन्यानं न्हावा शेव्याला उतरली.

डबा आता वर्कशॉपच्या टेबलावरच असतो. त्यात कार्डं आहेत, ड्रॉइंगच्या कागदी प्रती आहेत आणि दोन पेनड्राइव्ह.